पोटातले जंतू आणि यकृतातले पहारेकरी

नर्मदेच्या काठावर, अक्कलकुवा तालुक्यात, मणिबेली हे महाराष्ट्राच्या अगदी कडेचे गाव. सरदार सरोवराचे पाणी चढू लागले तेव्हा राज्यातले जे गाव सर्वांत आधी त्याच्या तोंडी आले, ते हेच. सातपुड्याच्या या उतारांवर फाल्गुन-चैत्रात महू फुलतो. इतरत्र त्याला मोह म्हणतात. पहाटेच्या अंधारात त्याची पिवळसर, रसरशीत फुले टपटप गळतात आणि उजाडायच्या सुमारास बाया-पोरे टोपल्या घेऊन झाडाखाली पोचतात. ही फुले वाळवून साठवतात, भाजून-शिजवून खातात, बाजारात विकतात. मडक्यात भिजवून काही दिवस आंबू दिली आणि भट्टीवर चढवली, की त्यांचीच दारू होते.

या फुलांवर एकट्या माणसाचा हक्क नाही. खाली पडलेली फुले गुरे खातात, अस्वल खाते. झाडावर असतानाच रात्री मोठी फळखाऊ वटवाघळे त्यांच्यावर तुटून पडतात.

फुलांची दारू माणूस करतो असे म्हणायची पद्धत आहे, पण ती पूर्ण खरी नाही. माणूस फक्त मडके भरतो आणि धार काढतो. साखरेचे मद्य करतात ते यीस्ट नावाचे सूक्ष्म जीव. दारू ही मुळात जंतूंची करणी. आणि असे सूक्ष्म जीव फक्त मडक्यातच असतात असे नाही. प्रत्येक माणसाच्या आणि जनावराच्या आतड्यात त्यांची भलीमोठी वस्ती असते. पोटात गेलेल्या दारूचे पुढे काय होणार, हे ठरवण्यात या वस्तीचा मोठा वाटा आहे, असे गेल्या तीन-चार दशकांतले संशोधन सांगते.

दोन माणसे तितकीच वर्षे, तितकीच दारू पितात. एकाचे यकृत कोलमडते, दुसऱ्याचे बरीच वर्षे तग धरते. असे का होते? या प्रश्नाच्या उत्तराची मुळे एका अशा शास्त्रज्ञाच्या आयुष्यात सापडतात, ज्याने स्वतः दारूला कधी जवळ केले नाही. त्याने सातपुडा पाहिला नव्हता. पण त्याच्या एका शिष्याचे नाव आजही मुंबईच्या परळमधल्या संस्थेवर आहे, आणि त्याच्या पॅरिसच्या प्रयोगशाळेत भारतातली फळखाऊ वटवाघळे उलटी लटकत होती. त्याचे नाव इल्या मेचनिकॉव्ह.

पैसे देऊन श्रोते जमवणारा मुलगा

इल्याचा जन्म मे १८४५ मधला, तेव्हाच्या रशियन साम्राज्यातल्या खारकोव्ह शहराजवळच्या खेड्यातला. हा भाग आज युक्रेनमध्ये आहे. वडील झारच्या खास तुकडीतले लष्करी अधिकारी. त्यांनी राजधानीत पत्त्यांच्या नादात बायकोचा बराच पैसा उडवला आणि कुटुंबाला गावच्या जमिनीवर येऊन राहावे लागले. त्या तोट्यातून मुलाचा मात्र फायदा झाला. शेत, तळी, किडे, रोपे हीच त्याची शाळा ठरली. मुलगा एका जागी ठरत नसे. भावंडांना आणि गावातल्या पोरांना तो वनस्पतींवर व्याख्याने देई, आणि कुणी ऐकायला तयार नसले तर खिशातले पैसे देऊन त्यांना बसवून घेई.

खारकोव्ह विद्यापीठातला चार वर्षांचा अभ्यासक्रम त्याने दोन वर्षांत उरकला. मग जर्मनी आणि इटलीत समुद्री प्राण्यांच्या वाढीचा अभ्यास केला. बाविसाव्या वर्षी तो ओदेसा विद्यापीठात अध्यापक झाला. तेव्हा त्याचे काही विद्यार्थी वयाने त्याच्याहून मोठे होते.

पुढचा काळ कठीण गेला. १८६९ मध्ये ल्युडमिला या तरुणीशी त्यांचे लग्न झाले. तिला क्षय होता. लग्नाच्या दिवशी तिला चालवत नव्हते, म्हणून खुर्चीत बसवून चर्चमध्ये न्यावे लागले. चार वर्षे मेचनिकॉव्ह यांनी तिच्यासाठी उबदार हवेची ठिकाणे शोधली, पैशांसाठी मिळेल ते काम केले, स्वतःचे डोळे बिघडवून घेतले. १८७३ मध्ये मदीरा बेटावर ती वारली. त्या धक्क्यात मेचनिकॉव्ह यांनी मॉर्फिनचा मोठा डोस घेतला. डोस इतका मोठा होता की उलटी झाली आणि जीव वाचला. त्यानंतर एका संध्याकाळी त्यांना दिव्याभोवती घिरट्या घालणारे, काही तासांचे आयुष्य असलेले किडे दिसले. इतक्या अल्पायुषी जिवांना निसर्गाची निवड कशी लागू होत असेल, असा प्रश्न त्यांच्या मनात आला, आणि त्या प्रश्नाने त्यांना पुन्हा कामाकडे ओढून आणले.

१८७५ मध्ये त्यांनी ओल्गाशी लग्न केले. पाच वर्षांनी तिला विषमज्वर झाला. पुन्हा तेच सारे वाट्याला येणार, या भीतीने आणि विद्यापीठातल्या राजकारणाला कंटाळून मेचनिकॉव्ह यांनी उलटून येणाऱ्या तापाच्या रुग्णाचे रक्त स्वतःला टोचून घेतले. ते गंभीर आजारी पडले, पण याही वेळी वाचले. ओल्गाही बरी झाली. स्वतःच्या शरीरावर असा जुगार खेळण्याची ही सवय पुढे विज्ञानाच्या उपयोगी पडणार होती.

गुलाबाचा काटा

१८८२ मध्ये नोकरीचा राजीनामा देऊन ते ओल्गा आणि तिच्या धाकट्या भावंडांसह सिसिलीतल्या मेसिना शहरात राहायला गेले. डिसेंबरातल्या एका दिवशी घरची मंडळी सर्कस पाहायला गेली होती. मेचनिकॉव्ह एकटेच सूक्ष्मदर्शकापुढे बसले होते. समोर तारामाशाची अळी होती, काचेसारखी पारदर्शक. तिच्या अंगात इकडून तिकडे फिरणाऱ्या पेशी स्पष्ट दिसत होत्या. या पेशी अन्नाचे कण गिळतात हे माहीत होते. त्या शत्रूलाही गिळत असतील का?

बागेत नाताळसाठी एक लहान नारिंगाचे झाड सजवले होते. मेचनिकॉव्ह तिथे गेले, गुलाबाचे काही काटे आणले आणि अळीच्या कातडीखाली टोचले. रात्रभर त्यांना झोप लागली नाही. सकाळी काट्याभोवती फिरत्या पेशींचा गराडा पडला होता.

या पेशींना त्यांनी फॅगोसाइट, म्हणजे भक्षक पेशी, असे नाव दिले. त्यातल्या मोठ्या पेशींना पुढे मॅक्रोफेज म्हटले. लवकरच पाण्यातल्या डॅफ्निया नावाच्या पारदर्शक जिवातही त्यांना हीच लढाई दिसली. तिथे शत्रू होते एका यीस्टचे सुईसारखे बीजाणू. भक्षक पेशींनी बीजाणू संपवले तर डॅफ्निया वाचे. पेशी कमी पडल्या तर बीजाणू फोफावत आणि तो मरे. शरीर रोगापुढे गप्प पडून राहत नाही, त्याचे स्वतःचे पहारेकरी असतात, हा विचार इथून सुरू झाला.

तो सहज स्वीकारला गेला नाही. जर्मनीतल्या शास्त्रज्ञांचा भर रक्तातल्या द्रव्यांवर होता. पेशी जंतूंना मारत नाहीत, फक्त मेलेले जंतू उचलतात, असे त्यांचे म्हणणे. हा वाद पंचवीस वर्षे चालला. १९०८ मध्ये वैद्यकशास्त्राचे नोबेल मेचनिकॉव्ह आणि दुसऱ्या बाजूचे पॉल एर्लिश या दोघांना विभागून मिळाले. शरीराला दोन्ही लागतात, हे तोवर बहुतेकांना पटले होते.

ओदेसा, पॅरिस आणि परळ

त्याआधी १८८६ मध्ये ओदेसात जंतुशास्त्र केंद्र निघाले आणि मेचनिकॉव्ह त्याचे प्रमुख झाले. ते डॉक्टर नव्हते, त्यामुळे स्थानिक डॉक्टरांचा राग होता. त्यातच ते गावी नसताना काळपुळीच्या (अँथ्रॅक्सच्या) लशीत गडबड झाली आणि हजारो मेंढ्या दगावल्या. मेचनिकॉव्ह यांनी ओदेसा सोडले. १८८८ मध्ये लुई पाश्चर यांनी त्यांना आपल्या पॅरिसमधल्या नव्या संस्थेत प्रयोगशाळा दिली. आयुष्याची उरलेली अठ्ठावीस वर्षे ते तिथेच राहिले.

ओदेसातला त्यांचा एक शिष्यही पुढे पॅरिसला आला. वाल्डेमार हाफकिन त्याचे नाव. जागा रिकामी होती ती ग्रंथपालाची. हाफकिन यांनी तीच घेतली आणि उरलेल्या वेळात पटकीच्या जंतूंवर काम केले. १८९२ मध्ये त्यांनी पटकीची लस तयार करून ती आधी स्वतःला टोचून घेतली आणि पुढच्या वर्षी ते भारतात आले. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग पसरला तेव्हा त्यांना तिकडे पाठवण्यात आले. जानेवारी १८९७ मध्ये प्लेगची नवी लसही त्यांनी पहिल्यांदा स्वतःवरच वापरली. परळच्या जुन्या गव्हर्नर निवासात त्यांची प्रयोगशाळा स्थिरावली. आज तिला हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणतात. स्वतःच्या अंगावर प्रयोग करण्याचा गुरूचा गुण शिष्याने मुंबईपर्यंत आणला.

पटकीचा प्याला

हाफकिन लस तयार करत होते त्याच १८९२ साली फ्रान्समध्ये पटकीची साथ आली. पटकीचे जंतू खरोखरच पटकी घडवतात का, यावर तेव्हा वाद होता. मेचनिकॉव्ह यांनी जंतूंनी भरलेला द्रव सरळ पिऊन टाकला. त्यांना काहीच झाले नाही. मग त्यांच्या एका सहकाऱ्याने तोच प्रयोग केला. तोही ठणठणीत राहिला. तिसऱ्याने प्याला घेतला, आणि तो मरणाच्या दारातून परत आला.

आजच्या नियमांनुसार असा प्रयोग कुणालाही करता येणार नाही. पण त्यातून निघालेला प्रश्न मोलाचा होता. जंतू तेच, तिघे निरोगी, तरी परिणाम वेगळा का? मेचनिकॉव्ह यांनी पटकीचे जंतू काचेच्या ताटलीत इतर जंतूंच्या शेजारी वाढवून पाहिले. काहींच्या सोबतीत ते जोमाने वाढले, काहींच्या सोबतीत खुरटले. त्यावरून त्यांनी अनुमान काढले की माणसाच्या आतड्यात आधीपासून कोणते जंतू राहतात, यावर बाहेरून आलेल्या संकटाचे पुढे काय होणार हे अवलंबून असते. दूध पिणाऱ्या सशाच्या पिल्लांना तोंडावाटे पटकी देता येते, मोठ्या सशांना नाही, हेही त्यांना आढळले. पिल्लांच्या आतड्यात जंतूंची वस्ती अजून नीट बसलेली नसते, असे त्याचे कारण त्यांनी दिले.

पाहुणा कितीही घातक असला तरी घरात कोण राहते, यावर बरेच ठरते. पुढे शंभर वर्षांनी दारूच्या बाबतीत हाच विचार पुन्हा वर येणार होता.

दही आणि वटवाघळे

वयाच्या पन्नाशीनंतर मेचनिकॉव्ह यांचे लक्ष म्हातारपणाकडे वळले. म्हातारपणाच्या अभ्यासाला जेरॉन्टॉलॉजी हे नाव त्यांनीच दिले. त्यांची कल्पना अशी होती: मोठ्या आतड्यात अन्न साठते, तिथले जंतू ते कुजवतात, फेनॉल आणि इंडोलसारखी विषारी द्रव्ये तयार होतात. ही द्रव्ये रक्तात शिरून अवयवांना दुबळे करतात. आणि मग शरीराचे पहारेकरीच, म्हणजे मॅक्रोफेज, त्या दुबळ्या पेशींवर तुटून पडतात. आतड्यातून निसटलेले विष आणि बिथरलेले पहारेकरी, या दोन गोष्टींच्या संगनमताने म्हातारपण येते, असे त्यांना वाटे.

या विचाराच्या पडताळणीसाठी त्यांनी पॅरिसमध्ये भारतातली मोठी फळखाऊ वटवाघळे आणवली. महूची फुले खाणारी ती हीच. या प्राण्यांचे आतडे आखूड असते, अन्न फार थोड्या वेळात बाहेर पडते आणि आतड्यात जंतू अगदी कमी असतात. त्यांच्या विष्ठेलाही कुजका वास येत नाही. अंगाच्या मानाने त्यांचे आयुष्य मात्र लांब असते. १९०९ मध्ये मेचनिकॉव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याविषयीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. जंतू कमी तर कुजणे कमी, कुजणे कमी तर आयुष्य अधिक, असे त्यांचे गणित होते.

माणसाला आतडे आखूड करता येत नाही. मग आतड्यात चांगल्या जंतूंची भर घालावी, असे त्यांनी सुचवले. बल्गेरियातले आंबट दूध खाणारे लोक दीर्घायुषी असतात असे त्यांनी ऐकले होते. दुधाचे आम्ल तयार करणारे जंतू कुजवणाऱ्या जंतूंना रोखतील, असा त्यांचा कयास. १९०४ मधल्या पॅरिसच्या एका व्याख्यानात त्यांनी हे मांडले आणि दह्याला एकदम मागणी आली. औषधांच्या दुकानांतून दह्याच्या जंतूंच्या गोळ्या विकल्या जाऊ लागल्या.

इथे मेचनिकॉव्ह यांचा तोल थोडा गेला होता. मोठे आतडे हा नुसता उपद्रवी अवयव आहे, हे त्यांचे मत चुकीचे निघाले. त्या विचाराच्या लाटेत इंग्लंडमधल्या एका प्रसिद्ध शल्यविशारदाने बद्धकोष्ठाच्या रुग्णांची मोठी आतडी कापून काढण्याचा सपाटा लावला. त्यात काहींचा जीव गेला. दह्यातला बल्गेरियन जंतू माणसाच्या आतड्यात मुक्काम ठोकत नाही, हेही १९२० च्या सुमारास अमेरिकेत सिद्ध झाले. दह्याने म्हातारपण लांबते हा दावा मागे पडला, आणि त्याबरोबर आतड्यातल्या जंतूंचा सगळा विषयच बराच काळ अडगळीत गेला.

मद्य आणि सशांची लस

मेचनिकॉव्ह यांच्या काळात फ्रान्समध्ये दारूचा प्रश्न मोठा होता. त्यांच्याच संस्थेच्या लील शहरातल्या शाखेत १८९७ मध्ये सशांना मद्य पाजून लशी देण्याचे प्रयोग झाले. मद्य चालू असताना रेबीजची लस दिलेल्या सशांमध्ये प्रतिकारशक्ती नीट तयार झाली नाही. मद्य शरीराच्या पहाऱ्यावरच घाव घालते, याचा हा एक जुना पुरावा.

मेचनिकॉव्ह स्वतः दारू आणि तंबाखूपासून लांब राहत. रोज दही खात, कच्चे अन्न टाळत. त्यांचे हृदय मात्र आधीपासूनच कमजोर होते. पहिल्या महायुद्धाने प्रयोगशाळा ओस पडली, तरुण सहकारी आघाडीवर गेले, आणि जुलै १९१६ मध्ये वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले. मृत्यूनंतर आपली आतडी नीट तपासावीत, अशी सूचना त्यांनी सहकाऱ्याला देऊन ठेवली होती. त्यांची रक्षा पाश्चर संस्थेच्या ग्रंथालयात आहे.

यकृताच्या दारात

मेचनिकॉव्ह यांच्या आयुष्याचे दोन अर्धे होते. पहिला अर्धा पहारेकरी पेशींचा, दुसरा आतड्यातल्या जंतूंचा. म्हातारपणाच्या कोड्यात या दोहोंची त्यांनी घातलेली सांगड नीट बसली नाही. ती नेमकी बसली एका वेगळ्याच जागी, दारूने बिघडणाऱ्या यकृतात.

आतड्यातून निघालेले रक्त आधी यकृतात जाते. त्या वाटेवर कुफर पेशी पहारा देतात. या पेशी म्हणजे यकृतात वस्तीला असलेले मॅक्रोफेज, मेचनिकॉव्ह यांचेच पहारेकरी. एरवी आतड्याचे अस्तर घट्ट असते आणि जंतूंचे फारसे काही पलीकडे जात नाही. दारू हे अस्तर सैल करते. यकृतात आणि आतड्यातल्या जंतूंमुळेही मद्याचे ॲसिटाल्डिहाइड होते. ते द्रव्य आतड्याच्या पेशींमधले सांधे उसवते. त्या फटींतून जंतूंच्या आवरणातले अंतर्विष, म्हणजे एंडोटॉक्सिन, रक्तात शिरते आणि थेट यकृताच्या दारात पोचते. कुफर पेशींना वाटते, जंतूंनी हल्ला केला. त्या दाह पेटवणारी द्रव्ये सोडतात. हा प्रकार रोजच चालला तर पहारेकऱ्यांच्या या गदारोळात यकृताच्या पेशी मरतात, व्रण साठत जातात आणि शेवटी यकृत कडक, निकामी होते. त्यालाच सिरोसिस म्हणतात.

याचा पुरावा १९९० च्या दशकात उंदीरवर्गीय प्राण्यांनी दिला. अमेरिकेतल्या उत्तर कॅरोलायना विद्यापीठात प्रयोगाच्या उंदरांना नळीवाटे सतत मद्य दिले गेले. त्यातल्या काहींच्या कुफर पेशी आधी औषधाने निकामी केल्या होत्या; त्यांच्या यकृताची सुरुवातीची इजा टळली. दुसऱ्या प्रयोगात प्रतिजैविके देऊन आतड्यातले जंतू कमी केले. तिथेही यकृत बचावले. मद्य दोन्हीकडे तसेच चालू होते. त्याच सुमारास आणखी एका अमेरिकी गटाने मद्य घेणाऱ्या उंदरांना दुधाचे आम्ल करणारे जंतू खाऊ घातले. त्यांच्या रक्तातले अंतर्विष कमी झाले आणि यकृताची हानीही घटली. म्हातारपणाच्या बाबतीत हरलेला मेचनिकॉव्ह यांचा डाव इथे थोडासा सावरला गेला.

पुढचा प्रयोग पटकीच्या प्याल्याची आठवण करून देणारा होता. २०१६ मध्ये फ्रेंच संशोधकांनी सारखीच दारू पिणारे दोन प्रकारचे रुग्ण निवडले. एकाला दारूमुळे यकृताचा तीव्र दाह झालेला, दुसऱ्याला तसा दाह नाही. दोघांच्या विष्ठेतले जंतू त्यांनी जंतुरहित वाढवलेल्या उंदरांच्या आतड्यात सोडले आणि सगळ्या उंदरांना सारखेच मद्य दिले. आजारी माणसाचे जंतू मिळालेल्या उंदरांचे यकृत अधिक बिघडले. दारू तीच, उंदीर त्याच जातीचे. फरक होता तो फक्त पोटातल्या वस्तीचा.

यावरून सगळे जंतू वाईट, असा निष्कर्ष काढला तर मेचनिकॉव्ह यांचीच चूक पुन्हा होईल. २०१५ मध्ये दुसऱ्या एका अभ्यासात मुळीच जंतू नसलेल्या उंदरांना एकदम भरपूर मद्य दिले, तेव्हा त्यांच्या यकृताची हानी नेहमीच्या उंदरांपेक्षा जास्त झाली. म्हणजे जंतूंची वस्ती राखणही करते आणि घातही करते. तिच्यात कोण आहे, हे महत्त्वाचे. २०१९ मध्ये अशा एका घातक जंतूचा माग लागला. एंटेरोकॉकस फिकॅलिस या जंतूचे काही प्रकार पेशी फोडणारे विष तयार करतात. दारूमुळे यकृताचा तीव्र दाह झालेल्या ज्या रुग्णांमध्ये असे जंतू होते, त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण बरेच अधिक आढळले. जंतू खाणाऱ्या विषाणूंनी, म्हणजे बॅक्टेरियोफेजनी, हा जंतू मारला तेव्हा उंदरांचे यकृत सुधारले.

माणसांवरचे उपचार अजून चाचणीच्या पायरीवर आहेत. दिल्लीच्या यकृत व पित्तविज्ञान संस्थेने २०१७ मध्ये अशा अत्यवस्थ आठ रुग्णांच्या आतड्यात निरोगी माणसांच्या विष्ठेतले जंतू सोडून पाहिले. निकाल आशा वाढवणारा होता, पण रुग्ण फारच थोडे होते. त्यानंतर मोठ्या चाचण्यांकडे संशोधक वळले आहेत.

दह्याची वाटी ढाल नव्हे

या साऱ्या संशोधनाचा एक सोयीस्कर अर्थ काढला जाण्याची भीती आहे. दारूबरोबर दही खाल्ले, जंतूंच्या गोळ्या घेतल्या, की यकृत सुरक्षित! पॅरिसमध्ये शंभर वर्षांपूर्वी दह्याच्या गोळ्यांवर असाच भरवसा ठेवला गेला होता. प्रयोगशाळेतल्या उंदराचे यकृत थोडे बचावले म्हणजे रोज पिणाऱ्या माणसाला परवाना मिळाला, असे नाही. दीर्घकाळ भरपूर पिणाऱ्या बहुतेकांच्या यकृतात चरबी साठते. त्यातल्या साधारण दहा ते वीस टक्के लोकांना सिरोसिस होतो. आपण त्या दहा-वीस टक्क्यांत आहोत की नाही, हे आधी सांगणारी खात्रीची तपासणी आज उपलब्ध नाही. तसेच दारूचा त्रास फक्त यकृतापुरता नसतो. तोंड, अन्ननलिका, स्तन, मोठे आतडे यांच्या कर्करोगाशीही तिचा संबंध आहे. दारूचे कोणतेही प्रमाण आरोग्याला निर्धोक म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केले.

उलट बाजूची बातमी दिलासा देणारी आहे. दारू थांबली की आतड्याचे अस्तर काही आठवड्यांत सावरू लागते आणि यकृतातली चरबीही बऱ्याच जणांत उतरते. सिरोसिस झाल्यावरही दारू सोडणाऱ्याचे आयुष्य वाढते. मात्र रोज भरपूर पिणाऱ्याने अचानक दारू बंद केली तर कंप, झटके, भ्रम असे धोके असतात. म्हणून डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडणे केव्हाही बरे. डोळे पिवळे होणे, पोट फुगणे, पायांवर सूज, काळी शौच किंवा रक्ताची उलटी यांपैकी काहीही दिसले तर घरगुती उपायांत एक दिवसही घालवू नये.

नंदुरबार जिल्ह्याने या बाबतीत विज्ञानाची वाट पाहिली नव्हती. तळोद्याजवळच्या मोरवडचे गुलाम महाराज यांनी १९३७-३८ मध्ये सातपुड्याच्या पायथ्याच्या आदिवासींना दारू सोडण्याची हाक दिली, आणि ‘आप की जय’ म्हणत हजारो लोक त्यांच्यामागे आले. अंतर्विष काय आणि कुफर पेशी काय, हे त्यातल्या कुणालाही ठाऊक नव्हते. दारूने घर कसे बुडते, एवढे पुरेसे होते.

मणिबेलीच्या वरच्या उतारांवर महू अजून फुलतो. फुले सुकवून खाता येतात, विकता येतात. रात्री वटवाघळे ती ताजी असतानाच खातात. त्यांच्या आखूड आतड्यात काही आंबायला वेळच मिळत नाही. माणसाचे आतडे लांब आहे आणि त्यातली वस्ती मोठी आहे. तिला बिथरवायचे की शांत राहू द्यायचे, हे बऱ्याच अंशी त्याच्याच हातात असते.